तोंडाची चुंबळ

नातीने बुधवाऱ्याच्या बाजारात औषधांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि तिथे मसाजचं टेबल आणून ठेवलं. ते बघायला मी गुडघे सांभाळत जिना चढले. टेबल चांगलं होतं, उंच, रुंद, लाकडी पायांचं. फक्त डोक्याच्या बाजूला एक काळं गोल कडं बाहेर आलेलं होतं, संडासाच्या सीटसारखं. मी तसं म्हटलंही.

"आजी, प्लीज. ते फेस रेस्ट आहे," नात म्हणाली. "पालथं झोपायचं ना, तर तोंड यात ठेवायचं. मान वाकडी करायला नको, श्वास खालून घेता येतो."

"म्हणजे तोंडाची चुंबळ."

"काय?"

तिला चुंबळ माहीत नव्हती. केळीचे घड ट्रकमध्ये भरणारी माणसं डोक्यावर फडक्याचं जे वेटोळं ठेवतात ते, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "हां, वो वाला. पण ते ओझ्यासाठी असतं."

"मग तोंड काय कमी ओझं आहे?" मी म्हटलं. मला माझं बोलणं आवडलं. आणखी महिन्याभराने याच चुंबळीने माझी फजिती होणार होती, ते तेव्हा माहीत नव्हतं.

या खोलीवर तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या मुलाचा, राग होता. पुण्याला वर्षभर राहून, परीक्षा देऊन ती मालिश करायला शिकून आली, हेच त्याला झेपत नव्हतं. "मालिशच करायची होती तर आजीकडून शिकायचं, घरात, फुकट," असं तो म्हणे. शेवटी दोघांत ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. बायका टिकल्या तर खोली ठेवायची. नाही तर कुलूप लावायचं आणि इंदूरला मावशीच्या पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरायच्या. नातीला भुवया कोरायच्या नव्हत्या. तिला ही खोली हवी होती, दारावरच्या 'फक्त महिलांसाठी' या पाटीसकट. पाटी तिने स्वतः रंगवली होती, 'महिलांसाठी'तला अनुस्वार नंतर घुसवला होता.

बायका आल्या. पण एकदाच. उठताना "खूप बरं वाटलं गं" म्हणायच्या, पुढची वेळ ठरवून जायच्या आणि यायच्या नाहीत. फोन केला तर कुणाकडे पाहुणे, कुणाचा उपास. सगळ्यांत जास्त भरवसा होता तो केळीबागवाल्यांच्या सुनेवर. तापीकाठच्या गावातून ती स्कूटर चालवत यायची. मान आणि खांदे दगडासारखे. तिला तीन जावा, त्यांचेही खांदे तसेच. ती टिकली असती तर चौघी आल्या असत्या. ती दोनदा आली आणि थांबली.

नातीने तेल बदललं. अत्तर बदललं. बासरीची रेकॉर्ड लावायची ती बंद केली. मग एक दिवस मला विचारलं, "आजी, काय चुकतंय?"

आता मी कोण? मी त्या विषयातली जुनी अधिकारी. मी म्हटलं, "हात कच्चा आहे तुझा."

तिने तेलाची बाटली बंद केली. त्या दिवशी जेवली नाही, एवढंच.

हे मी कशाच्या बळावर म्हटलं, ते सांगायला हवं. लग्न होऊन मी खानदेशातून इकडे हिंदी मुलखात, कागदाच्या कारखान्याच्या वसाहतीत आले, तेव्हा वीस वर्षांची होते. नवरा पाळीवर जाई, घरात काम दोन माणसांचं, आणि मावशीकडून शिकलेली मालिश हातात. वसाहतीत सगळ्या महाराष्ट्रातून आलेल्या बायका. बाळंतपणाला माहेर लांब, म्हणून पोरं इथेच व्हायची. मी बाळंतिणींना मालिश करायला लागले. मग ज्या बाळंतीण नव्हत्या त्याही यायला लागल्या. आणि तेव्हाची मी फुगली. तेव्हाच्या मला वाटायचं की देवाने दोनच हात नीट घडवले, बाकीचे घाईत केले. बाई "आई गं" म्हणाली की ते मला कौतुक वाटायचं. जोरात म्हणाली की जास्त कौतुक.

या थोर बाईने आयुष्यात एकदाही पालथं पडून कुणाकडून मालिश करून घेतली नव्हती. बाळंतपणातसुद्धा "मी माझं बघते" म्हणून सुइणीला हात लावू दिला नव्हता. म्हणजे स्वयंपाकिणीने कधी जेवायलाच बसू नये, तशातली गत.

नात जेवली नाही, याचा मला दुसऱ्या दिवशी थोडा त्रास झाला. जास्त नाही. मी खोलीवर गेले आणि म्हटलं, "चल, मला कर. बघू दे कुठे कच्चा आहे."

टेबलावर चढायला स्टूल लागलं. पालथी झाले. त्या कड्यात तोंड घातलं. खाली फरशीवर तिने एका वाटीत पाणी घालून मोगऱ्याची फुलं ठेवली होती, बाईला बघायला काहीतरी असावं म्हणून. फुलांच्या बाजूला तिचे स्वतःचे पाय, एका अंगठ्याला पट्टी. मी तो अंगठा बघत पडून राहिले. आणि हात सुरू झाला.

हात कच्चा नव्हता. हे मला तिथेच कळलं, पहिल्या पाच मिनिटांत. माझ्यापेक्षा चांगला होता. मी रगडायची, ही शोधायची. खांद्याच्या पात्याखाली जिथे माझं दुखणं तीस वर्षं लपून बसलंय, तिथे तिची बोटं विचारल्यासारखी थांबली.

पण तोंडाचं काय चाललं होतं ते वेगळंच. रेक्झिन घामाने गालाला चिकटलेलं. नाकातली चमकी कड्याच्या काठावर टोचत होती. हनुवटी अडकलेली, कपाळावर सगळा भार, आणि कडं टेबलापेक्षा जरा वर, त्यामुळे मान मागे उचललेली, पाण्यातून डोकं काढणाऱ्या कासवासारखी. पाठ स्वर्गात आणि तोंड बुधवाऱ्याच्या गर्दीत. तरी मी काही बोलले नाही. इतरही बोलल्या नसतील. पाहुणचाराला गेल्यावर चहात साखर कमी आहे असं कोण म्हणतं?

उठले, पदर नीट केला, नातीला म्हटलं, "हात चांगला आहे. काल मी चुकले." ती एवढी चकित झाली की मला आरसा दाखवायचा राहिला.

घरी जाताना मावा जिलबी घ्यायला थांबले. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, जिलबी तोलायची थांबवली. "अम्मा, गिर गईं क्या?"

"नहीं तो."

"फिर ठीक है," तो म्हणाला, पण ठीक असल्यासारखा बघत नव्हता. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा बघितलं. आमच्या सिंधीपुऱ्यात उतरले तर शेजारीण दारातच तांदूळ निवडत बसलेली. "अगं बाई, काकू! तोंडावर पातेलं पालथं घातलं का कुणी?"

आरशात बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक लाल कमान, दोन्ही गालांवरून फिरून परत आलेली, आणि तिच्या कडेने शिलाईचे टाकेसुद्धा मोजता येतील असे उठलेले. सत्तरीच्या कातडीवर वळ उठला की लवकर जात नाही. तासभर मी पाहुण्यांच्या ताटासारखी नक्षीदार होते.

आणि मग मला वसाहतीतली कारकुनाची बायको आठवली. वसाहतीत माझ्याकडे टेबल नव्हतं, काथ्याची खाट होती. तिच्यावर पातळ गोधडी. पालथं पडायचं, मान एका बाजूला. ही कारकुनाची बायको बारीक, गोरी, फार हळू बोलणारी. तिची कंबर धरायची. तीन दिवस आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं आणि ती माझ्याकडून उठून तशीच तिकडे गेली. मागोमाग मी गेले. तिच्या डाव्या गालावर खाटेचं विणकाम जसंच्या तसं छापलेलं. वीस बायका बसलेल्या. तेव्हाची मी दारातूनच ओरडली, "बघा गं, जिलबी पाडून आणलीय माझ्या खाटेने!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, सगळ्यांत जास्त. ती गालावर हात ठेवून बसली आणि वाण घेऊन लवकर गेली. पुन्हा कधी आली नाही. तेव्हाची मी वसाहतभर सांगत फिरली की तिला माझा हात सोसला नाही, नाजूक आहे. एवढी अक्कल! बाईची कंबर बरी होत होती आणि मी तिचा गाल घालवला.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटलं, "केळीबागवालीला फोन लाव. मी बोलते."

"आजी, तू काही पण बोलशील."

"नाही बोलणार. लाव."

केळीबागवाली आधी म्हणाली घरात लग्नाचं काम आहे. मी म्हटलं, "बाई, माझ्याच तोंडावर काल कमान उठली होती, जिलबीवाल्याने विचारलं पडलात का." मग ती हसली आणि मोकळी झाली. "आजी, हात तर हिचा एकदम मस्त आहे, झूठ कशाला बोलू? पण मी घरी सांगून आले होते की ब्लाउजचा कटपीस बघायला जाते. आमच्याकडे मसाज म्हटलं की सासूबाईंच्या भुवया वर. घरी गेले तर हे असं गोल. सासूबाई म्हणाल्या, दुकानदाराने कापड तोंडाला गुंडाळून दिलं का?"

"मग?"

"मग काय? पहिल्या वेळी हेल्मेटवर ढकललं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, हेल्मेट बदल. तिसऱ्यांदा काय सांगू?"

कळलं. बाकीच्याही कुणी देवळात, कुणी भाजीला, कुणी दातांच्या डॉक्टरकडे असं सांगून येत असणार. आणि जाताना सगळ्यांच्या तोंडावर एकच शिक्का. बुधवाऱ्यातून शिक्का घेऊन चालत जायचं, म्हणजे दवंडीच.

नात खाली बसली. "म्हणजे माझा हात नाही."

"हात नाही. चुंबळ."

"मग ती बदलू."

इथे मी पुढे सरसावले. पुण्यामुंबईहून मागवायला कशाला पाहिजे, मी म्हटलं, सिंधीपुऱ्यात गादीवाला आहे, माझ्या सगळ्या गाद्या त्याने भरल्या, मी सांगते तशी चुंबळ शिवून घेऊ. गादीवाला माझ्याच वयाचा, एका कानाने कमी ऐकणारा. मी दुकानात जाऊन म्हटलं, "भैया, एक चुंबळ चाहिए. बढ़िया."

त्याने सुई खाली ठेवली. "क्या चाहिए?"

"चुंबळ. मुँह के लिए."

त्याने चांगला कान पुढे केला. मग गंभीरपणे म्हणाला, "अम्मा, चुंबन हमारे यहाँ नहीं मिलता. और अब इस उमर में कहाँ ढूँढोगी?"

नात दुकानाबाहेर जाऊन एका खांबाला धरून हसली. मी हाताने गोल करून दाखवलं, डोक्यावर घागर घेतल्यासारखं केलं, मग वाकून त्यात तोंड घातल्यासारखं केलं. "अच्छा, चुमली," तो म्हणाला, "पहले बोलतीं." आणि तरी दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसतच राहिली.

चुंबळ मी सांगितली तशीच झाली. पॉवरलूमच्या चिंध्या घट्ट पिळून, वर जाड कापड, पूर्ण बंद गोल. डोक्यावर ठेवली तर केळीचे दोन घड सहज पेलले असते. नातीने तोंड घालून बघितलं. दहा मिनिटांत उठली आणि वळ आधीच्यापेक्षा खोल. नाक लाल. "आजी, हे तर तुझ्यापेक्षा कडक आहे."

चुंबळ चांगली होती. चूक माझी होती. ती मुळात कवटीसाठी असते. डोक्याला हाड असतं, आणि डोकं कुठे दिसायचं असतं? तोंडावर डोळे, गाल, नाक, चमकी, टिकली, आणि वर घरी गेल्यावर सासूची नजर. मी आयुष्यभर बायकांना ओझं समजून रगडलं, आता त्यांच्या तोंडालाही ओझं समजून चुंबळ शिवली.

ती परत घेऊन गेलो. गादीवाल्याने हातात घेऊन दाबली, नातीच्या तोंडाकडे बघितलं, मग चुंबळीकडे. "बेटी, इस पे मुँह सोएगा कि बोझा उठेगा?"

"मुँह सोएगा, चाचा."

"तो गोल क्यों बंद किया? ठुड्डी कहाँ जाएगी?" त्याने कात्री घेतली आणि खालून कापून टाकली. घोड्याच्या नालेसारखी झाली. हनुवटी मोकळी, गळ्यातलं मंगळसूत्रही खाली सुटं लोंबू शकेल अशी.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघी तोंडं घालत होतो. मऊ फोम नुसता असेल तर कपाळ बुडून खालच्या पट्टीला लागतं. कापूस असेल तर दोन दिवसांत गाठी. शेवटी खाली घट्ट फोम आणि वर बोटभर मऊ, असं जमलं. आतलं भोक रुंद ठेवलं, म्हणजे डोळ्यांवर दाब नाही आणि चमकी हवेत. भार कपाळावर आणि गालांच्या हाडांवर सारखा वाटला जावा, म्हणून गादी खाली झुकवता येईल असा दांडा नातीने मागवला. हनुवटी जरा खाली गेली की मान आपोआप लांब होते, कासव आत जातं. रेक्झिनच्या जागी धुऊन धुऊन मऊ केलेलं सुती कापड, प्रत्येक बाईला नवं आवरण. आणि शिलाई, जिचे टाके माझ्या गालावर उठले होते, ती काढून बाहेरच्या कडेला. हे शेवटचं मी शोधलं. बाकी सगळं तिने आणि गादीवाल्याने केलं, पण शिलाईचं श्रेय मी कुणाला देणार नाही. मग बारीक चेहऱ्यांसाठी एक लहान नालही शिवली, कारण सगळ्यांची तोंडं माझ्यासारखी पाटाएवढी नसतात.

एक गोष्ट नातीने स्वतःच बदलली. आधी ती सुरुवातीला उताणं आणि शेवटी पालथं करायची, म्हणजे बाई वळ घेऊनच उठायची. आता पालथं आधी, उताणं नंतर. शेवटची वीस मिनिटं पायांना आणि हातांना, तोंड वर. जे काय थोडं उठलं असेल ते तिथेच विरतं.

परीक्षा मीच दिली. माझ्या कातडीवर टिकलं नाही ते कुणाच्याच टिकणार नाही, या हिशेबाने. पूर्ण मालिश घेतली, उठले, आणि बुधवाऱ्यातून सिंधीपुऱ्यापर्यंत मुद्दाम चालत गेले. जिलबीवाल्यासमोर उभी राहिले. त्याने जिलबी तोलली, दिली आणि पुढच्या माणसाकडे वळला. शेजारणीने तांदळातून मान वर केली, "आलात का?" म्हणाली आणि खाली घातली. नवरी म्हणून आले तेव्हापासून मला कुणी बघितलं नाही की मी नाराज व्हायचे. त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

केळीबागवाली आली. उठून आधी आरसा मागितला. कपाळ बघितलं, डावा गाल, उजवा गाल. "अरे वा," म्हणाली, आणि जाताना खरंच एक कटपीस घेऊन गेली, खोटं पुरं पडावं म्हणून. पुढच्या आठवड्यात दोन जावा आल्या. मोठी जाऊ म्हणे नंतर येणार, घरी एकाच वेळी चौघींचं कटपीसचं काम निघालं तर संशय येईल.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना एक थोराड बाई जिना चढून वर आल्या. दम खात म्हणाल्या, "मालिश इथेच होते ना? माझ्या सुनांचे खांदे मोकळे झाले. मला काय दिसत नाही का? त्यांना सांगू नका पण. मी कटपीस बघायला आलेय."

नातीने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे. दोघींनी बघितलं असतं तर झालं असतं.

सासूबाईंना मोठी नाल लावली. तासभरात त्यांनी एकदाच "फुलं कुणी ठेवली?" असं विचारलं. उताणं झाल्यावर झोपल्या, घोरल्या. उठून आरसा न मागताच निघाल्या, सुनांचे गाल बघून कळलंच असणार की वळ उठत नाही. आणि खरंच तोंड स्वच्छ होतं.

जरा जास्तच स्वच्छ. कपाळावर टिकली नव्हती. मी टेबलाकडे बघितलं तर नालेच्या आवरणाच्या कडेला, जिथे कपाळ टेकतं तिथे, मोठी लाल टिकली चिकटून बसलेली. सासूबाई तोवर जिन्याच्या मधल्या पायरीवर. खाली औषधांच्या दुकानात गर्दी, आणि घरी चार सुना दारात वाट बघणाऱ्या.

तेव्हाची मी असती तर वरूनच ओरडली असती, आणि काय ओरडली असती तेही मला तयार आठवलं. चांगलं होतं. अख्खा बुधवारा हसला असता.

मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, कठडा धरून चार पायऱ्या उतरले आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग तिथेच भिंतीकडे तोंड करून टिकली लावली, पाकीट परत दिलं, आणि म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी किती वाजता?"